हृदयाची ‘लॉल’वाली गोळी चालू आहे? मग ती मनानं बंद करू नका (मामाजींचा अनुभव)

वावरातली_सून

नमस्कार मंडळी. वेचणीची धामधूम आहे, तरी वेळ काढून हा धागा लिहिते आहे. मागच्या महिन्यात आमच्या घरी जे झालं ते दुसऱ्या कोणाच्या घरी होऊ नये, एवढंच मनात आहे.

माझे सासरे, आम्ही त्यांना मामाजी म्हणतो, वय ६६. दोन वर्षांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक आला, नागपूरला नेऊन स्टेंट टाकली. तेव्हापासून रोज पाच गोळ्या. त्यातली एक मेटोप्रोलॉल ५०, सकाळी नाश्त्यानंतर. हीच ती ‘लॉल’वाली, डॉक्टर हिला बीटा-ब्लॉकर म्हणतात. आमच्या गावापासून औषधाचं दुकान १८ किलोमीटर आणि एसटी दिवसातून दोनदा. वेचणीला मजूर मिळेना, म्हणून घरातले सगळेच वावरात. त्यात नेमकी मेटोप्रोलॉलची पट्टी संपली. बाकी चार गोळ्या घरात होत्या.

त्याच आठवड्यात गावात तपासणी शिबिर झालं. मामाजींचं बीपी निघालं ११८/७६. तिथं कोणीतरी म्हणालं, बीपी तर एकदम नॉर्मल आहे, ही एक नाही घेतली तरी चालते. मामाजी घरी येऊन म्हणाले, “चार चालू हायेत ना, एक नसली त काय होते?” मलाही ते पटलं. बीपी नॉर्मल होतं ते गोळीमुळेच होतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

चौथ्या दिवशी दुपारी ते धुऱ्यावर बसले ते उठेचनात. “छाती धडधड करून रायली, जीव घाबरा होऊन रायला” म्हणाले. अंग घामानं ओलं. १०८ ला फोन केला. ग्रामीण रुग्णालयात नाडी ११८ आणि बीपी १७०/१०० निघालं. तिथून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं, तीन दिवस ठेवून घेतलं. नवीन अटॅक नव्हता, देवाची कृपा. तिथल्या डॉक्टर मॅडमनी कागद पाहून पहिला प्रश्न हाच विचारला, “यातली कोणती गोळी बंद केली?”

त्यांनी समजावलं ते असं. ही गोळी हृदयावर ॲड्रिनलिनचा जो मारा होतो तो अडवते, त्यामुळे नाडी मंद राहते आणि हृदयाला कमी प्राणवायू लागतो. महिनोन् महिने मारा अडला की शरीर हृदयावरची ॲड्रिनलिन पकडणारी ठिकाणं वाढवून ठेवतं. मग एक दिवस गोळी अचानक बंद होते आणि तेच नेहमीचं ॲड्रिनलिन त्या वाढलेल्या सगळ्या ठिकाणी एकदम लागू पडतं. उतारावर बैलबंडीचा कासरा एकाएकी सोडून द्यावा तसं. ज्याला आधीच हृदयाचा त्रास आहे त्याला यातून छातीत दुखणं, ठोके बिघडणं, अटॅकसुद्धा येऊ शकतो. खरंच बंद करायची झाली तर डॉक्टर एक-दोन आठवड्यांत हळूहळू डोस उतरवत बंद करतात.

तुमच्या घरी अशी गोळी कोणाला चालू असेल तर आजच पट्ट्या मोजून पाहा. आणि तुमचे अनुभव इथं लिहा.

पट्टीवरचं_वाचा

ताई, फार गरजेचा धागा काढलात. मी फार्मासिस्ट आहे, अमरावती जिल्ह्यात तालुक्याच्या गावी २२ वर्षांपासून दुकान आहे. गोळी अशी अचानक तुटलेले पेशंट दर हंगामात पाहतो. पेरणीला पैसे गेले की पहिली काटछाट औषधात होते, आणि जी गोळी “दुखणं थांबवत नाही” तीच कटते.

आधी ओळखायचं कसं ते सांगतो. पट्टीवर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात असतं, ते सोडा. खाली बारीक अक्षरात घटक लिहिलेला असतो. तो ‘लॉल’वर संपत असेल तर ती बहुधा याच कुटुंबातली गोळी. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल, नेबिव्होलॉल. कार्व्हेडिलॉल आणि लॅबेटालॉलही त्यातलेच. बऱ्याच गोळ्यांत ती दुसऱ्या औषधासोबत मिसळलेली असते, उदाहरणार्थ ॲम्लोडिपिन आणि अटेनोलॉल एकाच गोळीत. पेशंटला वाटतं आपल्याला बीपीची साधी गोळी आहे.

गोळीच्या रंगावरून ओळखणं मात्र सोडा. माझ्याकडे एक आजोबा यायचे. जुन्या कंपनीची पट्टी अर्धी शिल्लक होती, मुलानं जनऔषधी केंद्रातून दुसरी आणली. घटक तोच, रंग वेगळा. त्यांनी दोन वेगळ्या गोळ्या समजून आठ दिवस दोन्ही खाल्ल्या. नाडी ४४ वर आली होती. जनऔषधीची गोळी चांगलीच असते, स्वस्तही असते, जरूर घ्या. फक्त नवीन पट्टी आली की जुनीच्या शेजारी ठेवून घटकाचं नाव कोणाकडून तरी वाचून घ्या.

मेटोप्रोलॉलबद्दल अजून एक. ती दोन प्रकारची येते. टार्टरेट साधारणपणे दिवसातून दोनदा घ्यायची असते. सक्सिनेट एकदाच, कारण ती पोटात हळूहळू विरघळते. दोन्हींवर ५० लिहिलेलं असतं म्हणून एकाच्या जागी दुसरी चालवू नका. सक्सिनेटची गोळी चावायची नाही, कुटायची नाही. वयस्कर माणसांना गोळी गिळवत नाही म्हणून घरचे खलबत्त्यात कुटून मधातून देतात. असं केलं की दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं.

कोरडवाहू_पोट्टा

भाऊ, माही आजी ७४ वर्साची आहे. अटेनोलॉल ५० धा वर्सापासून चालू आहे, बीपीसाठी. दोन महिन्यापासून उठली का भवरी येते म्हणते. घरचे म्हणतात अशक्तपणा आहे, सलाईन लावून आणा. गोयीमुळं होत असन का? बंद करू का?

वावरातली_सून

दादा, बंद नका करू! वर मी तेच लिहिलं आहे. आधी आजीची नाडी मोजा.

सिस्टर_झाडीपट्टी

मी आरोग्य केंद्रात नर्स आहे. नाडी कशी मोजायची ते नीट सांगते, म्हणजे पुढं सगळ्यांना कामी येईल.

पाच मिनिटं शांत बसवा. चहा-तंबाखू झाल्याबरोबर मोजायची नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला, अंगठ्याच्या खालच्या अंगाला दोन बोटं ठेवा. आपला अंगठा वापरायचा नाही, त्याची स्वतःची नाडी लागते. मोबाईलवर पूर्ण ६० सेकंद लावून मोजा. १५ सेकंद मोजून चारनं गुणायची घाई नको, ठोके अनियमित असतील तर त्यात चूक होते.

या गोळीवर नाडी ५५-६० असणं पुष्कळदा चालतं, डॉक्टरला तेच हवं असतं. ५० च्या खाली असेल तर डॉक्टरला कळवायचं. आणि नाडी कमी असून सोबत चक्कर, शुद्ध हरपल्यासारखं, दम लागणं किंवा छातीत दुखणं असेल तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. बीपीही दोनदा घ्या, एकदा बसून आणि एकदा उभं राहून. पुष्कळ म्हाताऱ्यांचं बीपी उठताना पडतं.

आजीला म्हणा, खाटेवरून एकदम उठायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, मग पाय खाली सोडून जरा बसायचं, मग उठायचं. सलाईन मात्र मनानं लावून आणू नका. हृदय कमजोर असलं तर ते पाणी फुप्फुसात चढू शकतं.

वैनगंगेकाठचा

एक शंका. आमच्या भंडारा जिल्ह्यात सरकारी बीपी कार्यक्रम बरीच वर्षं चालू आहे. माझ्या बाबांना उपकेंद्रातून ॲम्लोडिपिन मिळते, नंतर टेल्मिसार्टन वाढवली. ‘लॉल’ कधीच दिली नाही. चांगली गोळी गरिबाला देत नाहीत, असं तर नाही ना?

पट्टीवरचं_वाचा

नाही भाऊ, उलट बरोबर उपचार चालू आहे. नुसतं बीपी असेल, हृदयाचा दुसरा आजार नसेल, तर आता पहिली गोळी बहुधा ‘लॉल’ नसते. पक्षाघात टाळण्यात, विशेषतः वयस्कर माणसांत, अटेनोलॉल बाकीच्या गोळ्यांपेक्षा कमी पडते असं दिसून आलं. भंडारा आणि वर्धा हे जिल्हे त्या राष्ट्रीय कार्यक्रमात अगदी सुरुवातीपासून आहेत आणि तिथली पायरी ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मग क्लोरथॅलिडोन अशीच आहे.

‘लॉल’चं खरं काम वेगळं आहे. श्रम केल्यावर छातीत दुखणं, अटॅकनंतरचं हृदय, ठोक्यांची अनियमितता, हृदयाची झडप अरुंद झालेली, आणि हृदयाचं पंपिंग कमी झालेलं. पंपिंग कमी असेल तर बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल किंवा मेटोप्रोलॉल सक्सिनेट अगदी कमी डोसनं सुरू करून दर काही आठवड्यांनी वाढवतात. सुरुवातीला पेशंटला जास्त थकल्यासारखं वाटतं आणि तो पळून जातो, पण आयुष्य वाढवणारी गोळी तीच असते. कार्व्हेडिलॉल जेवणासोबत घ्यायची, म्हणजे बीपी एकदम पडत नाही.

आमच्या दुकानात तरुण मुलं विचारतात म्हणून सांगतो, या कुटुंबातली पहिली यशस्वी गोळी प्रोप्रॅनोलॉल. १९६० च्या दशकात जेम्स ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञानं शोधली, १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांचा विचार साधा होता. हृदयाला रक्त कमी पडतं तर रक्त वाढवण्याच्या मागे लागण्याऐवजी हृदयाची गरजच कमी करावी.

भरतीची_तयारी

सर, आमच्या ग्राउंडवर काही पोरं पोलीस भरतीच्या धावण्याआधी प्रोप्रॅनोलॉल घेतात. म्हणतात धडधड होत नाही, टेन्शन येत नाही. चालते का?

सिस्टर_झाडीपट्टी

नको बाळा. धावताना हृदयाला जोरात पळावंच लागतं आणि ही गोळी तेच अडवते. दम लवकर लागेल, वेळ वाढेल. त्यातल्या एखाद्याला लहानपणचा दमा असेल तर जिवावर बेतू शकतं. प्रोप्रॅनोलॉल फुप्फुसातल्या नळ्यांवरही काम करते, नळ्या आवळतात, आणि दम्याचा पंप मारला तरी पंपाचं औषध नीट लागू पडत नाही. मित्रांना नक्की सांग.

दम्याच्या पेशंटनं कोणत्याही डॉक्टरकडे गेल्यावर आधी दमा आहे हे सांगायचं. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल या गोळ्या मुख्यतः हृदयावर काम करतात, गरज असेल तर डॉक्टर त्या जपून देतातही. पण ते त्यांना ठरवू द्या.

काळी_माती

फवारणीचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी यवतमाळ जिल्ह्यातला. २०१७ मध्ये आमच्याकडे फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी, मजूर गेले, तो पावसाळा आम्ही कोणी विसरलो नाही. माझे काका बिसोप्रोलॉल घेतात आणि स्वतः फवारतात. काही वेगळा धोका आहे का?

सिस्टर_झाडीपट्टी

आहे, आणि विचारलंत ते फार बरं केलं. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉससारखी फॉस्फरसवाली औषधं अंगात गेली की लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, छातीत घरघर होते आणि नाडी मंद होऊ शकते. ‘लॉल’ गोळीही नाडी मंदच करते आणि छाती आवळू शकते. दोन्ही एकाच दिशेला ओढतात. काकांनी फवारणी दुसऱ्यावर सोपवावी असं मी हात जोडून सांगेन. ते नाहीच जमलं तर हातमोजे, मास्क, वाऱ्याच्या दिशेनं चालणं, आणि खिशात गोळीचं नाव लिहिलेली चिठ्ठी. विषबाधा होऊन दवाखान्यात नेलं तर डब्यासोबत ती चिठ्ठीही डॉक्टरच्या हातात द्यायची.

साप चावला किंवा आग्यामोहोळ उठलं तरी हेच. सापाच्या प्रतिविषाची रिॲक्शन आली तर ॲड्रिनलिनचं इंजेक्शन देतात, आणि या गोळीवरच्या माणसाला ते कमी लागू पडू शकतं. डॉक्टरला आधी माहीत असलं तर ते तयारीत राहतात. त्या भीतीनं गोळी मात्र सोडायची नाही, आणि साप चावल्यावर दवाखान्यात जायला क्षणाचाही उशीर करायचा नाही.

वावरातली_सून

सिस्टर, चिठ्ठी मी आजच मामाजींच्या बंडीच्या खिशात शिवून टाकते.

उन्हाळ्याचंही विचारायचं होतं. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो. मागच्या उन्हाळ्यात मामाजींना दुपारी गळून गेल्यासारखं व्हायचं.

सिस्टर_झाडीपट्टी

ऊन तापलं की बीपी तसंही उतरतं. घामानं पाणी जातं, आणि गोळीमुळे हृदय ठोके वाढवून ती भरपाई पुरेशी करू शकत नाही. सोबत लघवीची गोळी असेल तर अजून जड जातं. मार्च संपायच्या आत एकदा बीपी-नाडी दाखवून डोस तपासून घ्या. अकरा ते चार वावरात नको. पाणी किती प्यायचं हे पंपिंग कमी असणाऱ्यांनी डॉक्टरला विचारूनच ठरवायचं.

गोळ्याही टिनाखाली तापू देऊ नका. माठाच्या अगदी जवळ ओलाव्यात ठेवू नका. घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, कोरड्या डब्यात ठेवा.

शिक्षिका_वाशीम

माझ्या आईला मधुमेहही आहे. ती ग्लिमेपिराइड आणि मेटोप्रोलॉल घेते आणि नवरात्रात नऊ दिवस उपास करते. यंदा पाचव्या दिवशी बोलता बोलता भलतंच बोलायला लागली. साखर ४८ होती. डॉक्टर म्हणाले, साखर उतरली की हात थरथरतात, धडधड होते, ही धोक्याची घंटा असते, पण या गोळीनं ती दबते. घाम मात्र येतो. आईला दरदरून घाम आला होता आणि आम्ही तो उकाड्याचा समजलो. आता अशा घामाला आम्ही आधी साखर मोजतो आणि उपासाचं डॉक्टरला विचारून ठरवतो.

धामणगावकर

एक वेगळा मुद्दा. ही गोळी आयुष्यभर लागतेच का? मला अटॅक येऊन सहा वर्षं झाली, पंपिंग उत्तम आहे. थकवा येतो, हातपाय गार पडतात, आणि घरात सांगता येत नाही असा एक त्रासही आहे.

पट्टीवरचं_वाचा

काका, तो त्रास डॉक्टरला मोकळेपणानं सांगा. पुष्कळ पुरुष या एका कारणानं गुपचूप गोळी सोडतात आणि मग अडचणीत येतात. गोळी किंवा डोस बदलून फरक पडू शकतो. तोच त्रास मधुमेहानं किंवा दुसऱ्या गोळीनंही होतो, तेही तपासायला हवं.

आयुष्यभराचं म्हणाल तर यावर सध्या बराच विचार चालू आहे. २०२४ मध्ये मुख्यतः स्वीडनमधल्या सुमारे ५,००० रुग्णांचा अभ्यास आला. अटॅक आला पण पंपिंग शाबूत राहिलं, अशांमध्ये ही गोळी सुरू केल्यानं मृत्यू किंवा दुसरा अटॅक कमी झाला नाही. त्याच वर्षी फ्रान्समधला दुसरा अभ्यास आला. त्यात बऱ्याच काळापासून गोळी घेणाऱ्यांची बंद केली, तर ते चालू ठेवण्याइतकं सुरक्षित ठरलं नाही. म्हणजे तुमचा प्रश्न रास्त आहे, पण उत्तर तुमचा इको (हृदयाची सोनोग्राफी) पाहून हृदयरोगतज्ज्ञच देतील. बंद करायचं ठरलंच तर तेही टप्प्याटप्प्यानं. तोवर चालू ठेवा.

आणि एखादा डोस चुकला तर आठवल्यावर घ्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या. दोन एकदम घेऊ नका. ऑपरेशन ठरलं तरी स्वतःहून बंद करायची नाही, भूल देणाऱ्या डॉक्टरला सांगायचं.

कोरडवाहू_पोट्टा

सिस्टर, आजीची नाडी दोनदा मोजली. एकदा ४६ आन एकदा ४४. उभी केली त धरा लागते. गोयी एकच घेते, मी सोता पाह्यलं, दोन नाई घेत.

पट्टीवरचं_वाचा

दादा, आजी दुसरं काय काय औषध घेते? व्हेरापॅमिल, डिल्टियाझेम असं काही आहे का? ही दोन ‘लॉल’सोबत मिळाली तर नाडी फार उतरते. किडनीची तपासणी कधी झाली? अटेनोलॉल किडनीवाटे बाहेर पडते. वयानं किडनी मंदावली की तीच गोळी अंगात साठत जाते.

कोरडवाहू_पोट्टा

दुसरी कोणतीच गोयी नाई. फक्त डोयात थेंब टाकते सकाय-संध्याकाय. दिवाळीच्या आंधी शिबिरात काचबिंदू निंगाला, तवापासून.

पट्टीवरचं_वाचा

बाटलीवरचं नाव वाचा. लगेच.

कोरडवाहू_पोट्टा

टिमोलॉल लिवलं आहे.

पट्टीवरचं_वाचा

दादा, तेही ‘लॉल’च आहे. डोळ्यात टाकलेला थेंब नाकाच्या वाटेनं रक्तात उतरतो आणि थेट हृदयावर काम करतो. आजीला गोळी आणि थेंब दोन्हीकडून एकाच कुटुंबातलं औषध मिळतं आहे. डोळ्याच्या शिबिरात कोणी बीपीची पट्टी पाहिली नसेल आणि घरच्यांना थेंब हे औषध वाटलं नसेल.

गाडी करा आणि आताच न्या. पट्टी आणि थेंबाची बाटली दोन्ही पिशवीत घ्या. आज रात्री काय द्यायचं आणि काय नाही, हे तिथले डॉक्टर ईसीजी पाहून सांगतील.

वावरातली_सून

दादा, पोहोचलात की इथं कळवा. रस्त्यात आजीला भोवळ आली तर आडवं निजवा आणि १०८ ला फोन लावा.

कोरडवाहू_पोट्टा

ताई, पोचलो. ईसीजी काढला. डाक्टर म्हणे बरं झालं आज आणलं, नाडी लयच मंद आहे, आज रातभर मशीनवर ठेवतो. गोयी कमी करतीन आन डोयाच्या डाक्टरशी बोलून थेंब बदलतीन म्हणे. आजी चहा मागून रायली.

पट्टीवरचं_वाचा

चहा सिस्टरला विचारून द्या. नवीन थेंब मिळाले की बाटलीचा फोटो इथं टाका, घटक मी वाचून सांगतो. आणि कोणताही थेंब टाकला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं दोन मिनिटं दाबून धरायला शिकवा, म्हणजे औषध डोळ्यातच राहतं.